घरी पद्मिनी रंगवायची आहे: कॉम्प्रेसर किती एचपीचा, गन कुठली?

कृष्णाकाठ (कराड)

नमस्कार मंडळी. वडिलांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे, क्रीम कलरची. बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती. पत्र्याचं काम कोल्हापुरात करून घेतलं: दारांखालचे दोन्ही पट्टे, पुढचा तळ आणि डिकीचा तळ नवीन पत्रा जोडून झालाय. रंगाचं कोटेशन ऐकल्यावर मात्र आई म्हणाली, "एवढ्यात तर तेव्हा नवी गाडी दारात आली होती." म्हणून रंग घरीच मारायचं ठरवतोय. लांबी (पुट्टी) भरणं, पॉलिश पेपर मारणं हे मला जमतं, मोटरसायकलची टाकी आणि मडगार्डं मीच केलीत. पण ती डब्यातल्या स्प्रेने. गन हातात धरलेली नाही.

परिस्थिती अशी: घरामागे पत्र्याची शेड, तीन बाजू बंद, चौथ्या बाजूला ताडपत्री लावता येईल. कनेक्शन सिंगल फेज. मीटरपासून शेड साधारण साठ फूट. बजेट सगळं मिळून पंचेचाळीस हजार, त्यात रंगाचं सामान धरलेलं नाही.

दुकानदार म्हणतो १ एचपीचा, २५ लिटर टाकीचा ऑइल-फ्री कॉम्प्रेसर घ्या आणि त्यावर एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाबाची) गन लावा, १.४ एमएम नोझलची. "आजकाल सगळे एचव्हीएलपीच वापरतात." चुलतभाऊ म्हणतो घ्यायचाच तर ३ एचपी घे. ऑनलाइन बघावं तर हातात धरायची इलेक्ट्रिक गनच मिळते, कॉम्प्रेसर लागतच नाही म्हणे, आणि तीन हजारांत काम होतं. तिघांचंही ऐकलं तर डोकं फिरतं. घरात एकच गाडी रंगवायची आहे, धंदा करायचा नाही. काय घेऊ?

उद्यमनगर (कोल्हापूर)

भावा, दुकानदाराने तुला गन दाखवली, हवा दाखवलीच नाही. खरेदी उलटी करायची असती बघ. आधी भिंतीवरचा मीटर बघायचा, मग त्यावर कुठला कॉम्प्रेसर ओढवंल ते बघायचं, मग त्या हवेत चालंल अशी गन घ्यायची. लोक गनपासनं सुरू करतात आणि शेवटी मीटरपाशी येऊन अडकतात.

ती तीन हजाराची इलेक्ट्रिक गन भिंतीला, कंपाउंडच्या गेटला ठीक हाय. गाडीवर मारलीस तर दाणा असा येईल की पेपर मारता मारता दिवाळी येईल. ते विसर.

१ एचपी २५ लिटर म्हणजे टायरात हवा भरायचं यंत्र. त्यावर एचव्हीएलपी लावलीस तर बॉनेटची एक बाजू संपायच्या आधी प्रेशर बसतंय. प्रेशर बसलं की रंगाचा फवारा जाड होतो, थेंब मोठे पडतात, आणि एकाच पॅनेलवर अर्धं काम गुळगुळीत आणि अर्धं खडबडीत दिसतं. नवीन माणूस मग गनला शिव्या घालतो, थिनर जास्त ओततो, आणि ओघळ येतात. दोष हवेचा असतो.

तुझ्यासाठी माझं मत: २ एचपी, पट्ट्यावर चालणारा, तेलाचा कॉम्प्रेसर, टाकी १०० लिटरच्या खाली नको, १५० मिळाली तर झकास. सेकंडहँड चालतो. त्यावर साधी चांगली गन, वरच्या कपाची, १.३ नोझलची, कमी हवा खाणारी. एचव्हीएलपी नको. आणि प्रायमरसाठी दुसरी स्वस्तातली गन १.८ ची. दोन गन लागतातच, एकाच गनमधनं सरफेसर (पत्रा सपाट करणारा जाड प्रायमर) आणि फायनल रंग मारू नको. सरफेसरचा बारीक कण नोझलमागं बसतो आणि शेवटच्या कोटला बरोबर बाहेर येतो.

मी इथं उद्यमनगरात तीसेक वर्षं डेंटिंग-पेंटिंगचंच करतोय, त्यामुळं फुकटचा सल्ला देतोय असं समजू नको, गिऱ्हाईक घालवून देतोय.

अर्धवट_अभियंता (पुणे)

उद्यमनगरच्या मामांचं म्हणणं आकड्यांत मांडतो, म्हणजे दुकानदारासमोर बोलता येईल.

१ सीएफएम (मिनिटाला एक घनफूट) म्हणजे मिनिटाला साधारण २८.३ लिटर हवा. खोक्यावर लिहिलेला आकडा बहुतेक वेळा पिस्टन किती हवा ओढतो त्याचा असतो. प्रेशरला प्रत्यक्ष बाहेर येणारी हवा त्याहून बरीच कमी, तिला एफएडी म्हणतात. दुकानात हाच आकडा मागा. १ एचपीच्या छोट्या यंत्रावर ४ लिहिलेलं असलं तरी हाती अडीच-तीन धरा. २ एचपीवर ७-८ लिहिलेलं असेल तर ५ ते ६.

आता गन. एचव्हीएलपी म्हणजे हवा जास्त, दाब कमी. तिच्या तोंडावरच्या टोपीपाशी दाब १० पीएसआयपेक्षा वर जात नाही. कॅलिफोर्नियातल्या हवा प्रदूषणाच्या नियमांनी या गनना बळ दिलं, कारण निदान ६५ टक्के रंग पत्र्यावर बसला पाहिजे असा तिथला दंडक होता. जुन्या पद्धतीच्या गनमध्ये निम्म्याहून अधिक रंग हवेत उडून जातो. म्हणजे एचव्हीएलपी वाईट नाही, उलट रंग वाचवते. पण तो कमी दाब टिकवायला तिला बहुधा ९ ते १५ सीएफएम हवा लागते.

२५ लिटरची टाकी ८ बारवरून ४ बारवर आली की मोकळी हवा मिळाली फक्त १०० लिटर, म्हणजे साडेतीन घनफूट. गन १२ मागते, यंत्र अडीच देतं. हिशोब करा, बावीस-तेवीस सेकंदांत खेळ खलास.

उलट १०० लिटरची टाकी, हाती साडेपाच सीएफएम, आणि मिनिटाला २००-२२५ लिटर खाणारी गन, म्हणजे ७-८ सीएफएम. तूट दोन-अडीचची. टाकी ८ वरून ४ वर यायला सहा-सात मिनिटं सलग ट्रिगर दाबून ठेवावा लागेल, आणि तसा तो कोणी ठेवत नाही. एक दार किंवा एक मडगार्ड आरामात होतं.

विजेचं: २ एचपी म्हणजे दीड किलोवॅट, चालताना ९-१० अँपिअर, सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट, सी प्रकारचा एमसीबी आणि नीट अर्थिंग हवंच. ३ एचपी सिंगल फेजवर मिळतो, पण घरच्या वायरिंगवर सुरू होताना दिवे मान टाकतात. संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर मोटर तापून वाइंडिंग जातं. चुलतभावाला नमस्कार सांगा.

साठ फुटांसाठी एक्स्टेन्शन बोर्ड ओढू नका. कॉम्प्रेसर मीटरजवळ ठेवा आणि हवेचा पाइप लांब करा. वायर लांब नेली की व्होल्टेज पडतं आणि मोटरला त्रास होतो. पाइप लांब गेला तर दाब थोडा पडतो, तो रेग्युलेटरने वाढवता येतो. आणि ठिणगी उडवणारी मोटर थिनरच्या वाफेपासून दूर राहते, हा वेगळा फायदा.

भाट्ये (रत्नागिरी)

पाण्याबद्दल कोणी बोललंच नाही, म्हणून आलो. कराड कोरडं असेल हो, पण पावसाळ्यात तुमच्याकडेही हवा काही कमी ओली नसते.

३० अंशाला पूर्ण दमट हवेत घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम पाणी असतं. आमच्याकडे ८० टक्के दमटपणा ही रोजची गोष्ट. २ एचपीचा कॉम्प्रेसर तासभर चालला तर बारा घनमीटर हवा ओढतो, म्हणजे पाव लिटरहून जास्त पाणी टाकीच्या तोंडातून आत गेलं. हवा दाबून पुन्हा गार झाली की त्यातलं चाळीसेक ग्रॅम सोडून बाकीचं पाणी होऊन खाली उतरतं. कुठे उतरायचं ते तुम्ही ठरवायचं: टाकीत, फिल्टरमध्ये, का बॉनेटवर.

लोक वॉटर सेपरेटर कॉम्प्रेसरच्या तोंडालाच लावतात. तिथे हवा अजून गरम असते, पाणी वाफेतच असतं आणि फिल्टरमधून सरळ निघून जातं. पुढे पाइपात गार झालं की पाणी. सेपरेटर शेडच्या बाजूला, गनच्या पाइपाच्या आधी लावा. तुमच्या साठ फुटांपैकी चाळीसेक फूट जीआय पाइप भिंतीवरून नेलात, किंचित उतार कॉम्प्रेसरकडे दिलात आणि गनसाठीचा फाटा पाइपाच्या वरच्या अंगातून काढलात, तर निम्मं पाणी वाटेतच उलटं येतं. टाकीखालची पाणी सोडायची चकती दर अर्ध्या तासाला सोडा.

एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग ओल्या हवेत पांढरट पडतो. थिनर उडताना पत्रा गार होतो आणि त्यावर दव धरतं. पीयूच्या (पॉलियुरेथेन रंगाच्या) हार्डनरला पाणी लागलं तर आत वायू होतो आणि बारीक बारीक भोकं दिसतात. दोन्ही ठिकाणी पुन्हा पेपरच. आम्ही गणपतीनंतरही थांबतो आणि नोव्हेंबर लागला की गन बाहेर काढतो.

अजून एक, कोकणातला अनुभव आहे: खोबरेल लावलेल्या हाताने प्रायमरला हात लावायचा नाही. डोक्यालाही त्या दिवशी तेल नको. रंग तिथून गोल गोल बाजूला पळतो.

रंगशाळा (ठाणे)

मी रंगाच्या कंपनीत टेक्निकल सर्व्हिसला होते, गॅरेजांमध्ये जाऊन मिश्रण आणि गनचं सेटिंग बघणं हे काम. गनवर मामांनी सांगितलं ते पटतं. माझा आक्षेप बजेटला आहे. पंचेचाळीस हजारांत मास्कची ओळच दिसत नाही.

टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) पीयू रंग, पीयू क्लियर आणि पीयू सरफेसर या सगळ्यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारा उडाला की ते श्वासातून आत जातं. वास येतोय का हे बघून चालत नाही, वास यायच्या आधीच मर्यादा ओलांडलेली असते. एकदा शरीराने ते मनावर घेतलं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही दमा उठतो, आणि असे पेंटर धंदा सोडून बसलेले मी पाहिलेत. एन-९५ किंवा रुमाल इथे काहीही करत नाही. निदान सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज आणि पुढे धूळकणांचा फिल्टर असलेला अर्धा मास्क, डोळ्यांना बंद गॉगल, हातात नायट्राइलचे मोजे, अंगात पूर्ण बाह्या. दाढी असेल तर मास्क बसत नाही. खरं संरक्षण म्हणजे बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क. ती हवा तेलाच्या कॉम्प्रेसरमधून घ्यायची नाही, तिच्यासाठी यंत्र वेगळं.

म्हणून माझा सल्ला: उघड्या पत्र्यावरचा इपॉक्सी प्रायमर घरी मारा. त्याचा हार्डनर वेगळ्या जातीचा असतो, त्यात आयसोसायनेट नाही. त्वचेला मात्र त्रास देतो, तेव्हा मोजे आणि मास्क तिथेही. लांबी, पेपर, आकार काढणं, सगळं घरी. पीयूचा फायनल कोट एखाद्या गॅरेजच्या बूथमध्ये, म्हणजे रंगासाठीच्या बंद खोलीत. पेंटर त्यांचा असू दे किंवा बूथ दिवसाच्या भाड्याने मिळतोय का विचारा. कोटेशनमधला मोठा भाग तयारीच्या मजुरीचा असतो, तो तुम्ही वाचवलेलाच असेल.

घरी रंगवायचंच असेल तर आणखी एक. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून सरपटत जाते. शेडला लागून बाथरूम असेल तर गॅस गीझर बंद, देवघर जवळ असेल तर समई विझलेली, इन्व्हर्टर बंद. साधा एक्झॉस्ट फॅन वाफेच्या वाटेत लावू नका.

कृष्णाकाठ (कराड)

सगळ्यांचे मनापासून आभार. रंगशाळाताई, गॅस गीझर शेडच्या भिंतीला लागूनच आहे. हे वाचून आईने तो आत्ताच बंद करायला लावला, अजून कॉम्प्रेसरचाही पत्ता नाही तरी.

मामा, ताई म्हणतात तसं फायनल बूथमध्ये केलं तर मग एवढा कॉम्प्रेसर घेऊन उपयोग काय? की मग १ एचपीच पुरेल? आणि इथे जवळच एकाकडे १५० लिटरचा जुना २ एचपी विकायला आहे, तो काय बघून घेऊ?

उद्यमनगर (कोल्हापूर)

ताई बरोबर बोलल्या. आमच्या वस्तादांनी जन्मभर रुमाल बांधून रंग मारला, आता जिना चढताना दोनदा थांबतात. मी स्वतः मास्क घालतो, पोरांना घालायला लावतो, आणि पोरं मी पाठ फिरवली की गळ्यात लटकवतात.

पण २ एचपीवर मी ठाम हाय. प्रायमरलाच जास्त हवा लागते. १.८ च्या नोझलमधनं जाड माल बाहेर काढायचाय. १ एचपीवर ते होत नाही. आणि प्रायमर खडबडीत बसला की पेपर दुप्पट. गाडी झाल्यावर कॉम्प्रेसर विक, सेकंडहँडला गिऱ्हाईक रोज असतंय. फायनल बूथमध्ये गेला तर भारीतली गन घेऊ नको, तो पैसा मास्कला आणि बूथच्या भाड्याला लाव. घरचं काम दोन साध्या गनमध्ये होतंय, एक १.८, एक १.४. १.४ ची डिकीच्या आत आणि दारांच्या कडेला हात बसवायला.

हात बसवायला जुना पत्रा किंवा भंगारातलं दार घे. गन पत्र्यापासनं वीतभर. मनगट फिरवायचं नाही, सगळा हात सरळ न्यायचा. मनगट फिरलं की मध्ये जाड, कडेला पातळ. पहिल्या पट्ट्याच्या अर्ध्यावर दुसरा पट्टा. ट्रिगर पत्र्याच्या बाहेर दाबायचा आणि बाहेरच सोडायचा. दाब मापायचा तो गनपाशी, ट्रिगर दाबलेला असताना, दोन-सव्वादोन बार. टाकीच्या घड्याळावरचा आकडा काही सांगत नाही. पाइप आतनं १० एमएमचा घे. ८ चा आणि वर स्वस्तातले कपलिंग लावलेस तर हवा तिथंच गळपटते.

गन धुताना थिनरमध्ये आख्खी बुडवून ठेवू नको, आतलं पॅकिंग फुगतं. टोपीची भोकं तारेनं टोकरायची नाहीत, खराट्याची काडी वापर. भोक एका अंगाला मोठं झालं की फवारा कायमचा वाकडा.

आता जुना कॉम्प्रेसर. टाकी पूर्ण रिकामी कर, खालची चकती बंद कर, मोबाइलवर वेळ लाव आणि सुरू कर. १५० लिटर टाकी शून्यावरनं ८ बारवर यायला आठ-नऊ मिनिटं लागली तर तब्येत ठीक. बारा-तेरा लागली तर रिंग किंवा व्हॉल्व्ह गेलंय, किंमत पाड नाहीतर सोड. बंद झाल्यावर पाच मिनिटं तसाच ठेव आणि कान लाव. सुस्स असा आवाज येत असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतोय. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून बघ, हवा सुटलीच पाहिजे. जाम असंल तर तो पहिल्या दिवशी बदलायचा. तेल दुधासारखं पांढरं दिसलं तर आत पाणी गेलंय.

सगळ्यात महत्त्वाचं टाकी. खालच्या चकतीतनं काय पडतंय ते पांढऱ्या कापडावर घे. जरा लालसर पाणी चालतं. गंजाच्या खपल्या पडल्या तर फुकट दिला तरी घेऊ नको. टाकीच्या पोटावर खाली वेल्डिंगचं ठिगळ दिसलं तरी नको. फुटली तर ती रंग मारायला शिल्लक ठेवत नाही.

अर्धवट_अभियंता (पुणे)

मामांच्या वेळेच्या परीक्षेवरून हिशोबही निघतो: १५० लिटर गुणिले ८ म्हणजे १२०० लिटर, भागिले लागलेली मिनिटं. आठ मिनिटं लागली तर मिनिटाला १५०, म्हणजे पाच सीएफएमच्या थोडंसं वर. विकणाऱ्याने काहीही सांगितलं तरी हा आकडा खरा.

कृष्णाकाठ (कराड)

रविवारी जाऊन बघतो, पांढरं फडकं आणि मोबाइल घेऊन. पैसे असे वाटलेत: कॉम्प्रेसर, पाइप आणि दोन सेपरेटर मिळून सत्तावीस, दोन गन चार, मास्क, गॉगल, मोजे पाच. उरलेले बूथकडे, कमी पडले तर आई बघेल म्हणते. रंग क्रीमच ठेवतोय. आरसीवर तोच लिहिलाय आणि आरटीओच्या वाऱ्या नकोत.

मामा, शेड जुळवायला काय नेऊ? बाहेरचं एखादं पॅनेल?

उद्यमनगर (कोल्हापूर)

बाहेरचं नको, उन्हानं पिवळं पडलेलं असतंय. डिकीच्या झाकणाची आतली बाजू रबिंगनं घासून चमकव आणि झाकणच काढून रंगवाल्याकडं ने. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळवून घेऊ नको, झाकण आणि नमुन्याची पट्टी दोन्ही उन्हात आणून बघ. आणि रंग एकदाच सगळा बनवून घे, साडेतीन लिटर तयार माल धर. दुसऱ्यांदा बनवलेला डबा त्याच नंबरचा असला तरी दारापाशी फरक दिसतो.